गुरुवारचं पाणी

आमच्या पट्ट्यात गुरुवारी कारखाने बंद असत, म्हणून लोक गुरुवारी बागेत येत. आणि कारखाने बंद असत म्हणून विजेच्या तारांची दुरुस्तीही गुरुवारीच काढली जाई, त्यामुळे त्या दिवशी बागेत वीज नसे. बाग कारंज्यांची. कारंजी पंपावर. पंप विजेवर. म्हणजे सहा दिवस कारंजी माळ्यांसाठी आणि कावळ्यांसाठी उडत, आणि ज्या दिवशी माणसं येत त्या दिवशी कोरडी. ही व्यवस्था ज्यांनी आखली त्यांनी वेगवेगळ्या कार्यालयांत बसून आखली असणार, कारण एका खोलीत बसून असं सुचणं अवघड आहे.

मी त्या बागेत दहा-अकरा वर्षं काम केलं. बाग ज्या कार्यालयाची होती ते आता त्या नावानं उरलेलं नाही, त्यामुळे नाव लिहीत नाही. चिंचवड आणि आकुर्डीच्या मधे, रुळांच्या अलीकडे ती आहे एवढं पुरे. तेव्हा या भागात नव्यानं आलेल्या माणसाला बघायला फारसं काही नव्हतं. कंपनीचं गेट, क्वार्टर, स्टेशन आणि परत कंपनीचं गेट. त्यामुळे मधे एक मोठा गोल हौद, त्यात एक उंच धार, तिच्याभोवती लहान धारांचं कडं आणि चहूबाजूंनी सिमेंटची बाकं एवढ्या भांडवलावर आमच्याकडे गुरुवारी जत्रा भरायची.

माझं पद ‘महिला मदतनीस’. काम म्हणजे हौदात उतरलेली पोरं बाहेर काढणं, हरवलेली पोरं सापडवणं, आणि सापडलेली पोरं ज्यांची आहेत त्यांच्याच हवाली करणं. शेवटचं काम वाटतं तितकं सोपं नाही. कंपनीच्या दुकानातून एकाच ताग्याचं कापड घेऊन शिवलेले सदरे घातलेली पोरं ओळखायची तर आईही दोनदा बघते.

कारंजं माझ्याकडे कसं आलं ते सांगते. पंप चालवायला बबनराव नावाचे गृहस्थ होते. गुरुवारी वीज नाही, मग पंप नाही, मग बबनरावांचं काम नाही, म्हणून त्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. हे तर्काला धरून होतं. पण टेकाडावर एक उंच टाकी होती. आदल्या दिवशी बबनराव ती भरून ठेवत. टाकीचा व्हॉल्व्ह उघडला की पाणी आपल्या वजनानं खाली येई आणि विजेशिवाय कारंजं उडे. फक्त एक अडचण. खाली आलेलं पाणी हौदात जमा होई, आणि ते परत वर चढवायला पंप लागे. म्हणजे टाकी एकदा रिकामी झाली की कारंजं शुक्रवारीच. बशीत ओतून सावकाश चहा प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढंच ते पाणी पुरे. हे पाणी कधी सोडायचं, किती सोडायचं, आणि कधी बंद करायचं, हे ठरवणारं माणूस गुरुवारी हजर लागे. हजर मी होते. बबनरावांनी व्हॉल्व्हची चाकी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “बाई, उघडायचं उजवीकडून डावीकडे. बाकी काही नाही त्यात.”

बाकी बरंच होतं. वारा बघावा लागे. निलगिरीची पानं पूर्वेकडे वळली की उंच धार अर्धीच सोडायची, नाहीतर पूर्वेच्या बाकांवरच्या ठेवणीतल्या साड्या भिजत आणि त्यांच्या मालकिणी माझ्याकडे येत. तोट्यांत शेंगदाण्याची टरफलं अडकत. ती आधी काढली नाहीत तर धार तिरकी जाऊन नेमकी एखाद्या टोपीवर पडे. पाणी एकदम सोडलं तर नळातली हवा मोठ्यानं खोकते, त्यानं तान्ही पोरं दचकतात. सावकाश सोडलं तर लोक म्हणतात, एवढंच का? मी सावकाश सोडून मग एकदम वाढवत असे. लोक “आऽऽ” म्हणत. तो आवाज मला आवडायचा, हे लिहायला हरकत नाही.

पाण्यासाठी माझ्याकडे अर्ज चालू असत. फोटोवाला सांगे, माझं गिऱ्हाईक उभं राहिलं की सोडा. जुन्या गावातले सोपानतात्या सांगत, मी आलो की सोड. बाग व्हायच्या आधी ती जमीन, आमच्या पाण्याच्या विहिरीसकट, तात्यांच्या भावकीची होती. ‘हे पाणी पिऊ नये’ अशा पाटीला टेकून ते ओंजळीनं पाणी पीत.

“तात्या, पाटी बघा.”

“पाटी तुमची, हीर आमची,” तात्या म्हणत. “आमी काय आजारी पडलो न्हाई. तुमी पाटी लावली तवाधरनं बरं वाटंना.”

दुसरे एक गृहस्थ दर गुरुवारी टॉवेल-साबण घेऊन यायचे. त्यांच्या चाळीत नळाला पाणी नव्हतं आणि इथे आम्ही ते हवेत उडवत होतो, हे त्यांना पटत नव्हतं. त्यांनी पाय धुवावेत, साबण लावू नये, अशी तडजोड झाली.

माझे यजमान चिंचवडच्या एका कारखान्यात टर्नर. त्यांची सुट्टी गुरुवारी, माझी सोमवारी. ते मुलांना घेऊन बागेत यायचे, बाकावर बसायचे, आणि मी दुसऱ्यांची पोरं पाण्यातून काढताना बघायचे. आम्ही चौघं एका बाकावर बसलो असं त्या सगळ्या वर्षांत झालं नाही. तेव्हा ते लक्षात आलं नाही, आणि लक्षात आलं तेव्हा मुलांना बागेत यायची लाज वाटायला लागली होती.

आता मूळ गोष्ट. त्या काळी आमच्याकडे मुलगी दाखवायचे कार्यक्रम बागेत होऊ लागले. याला कारण क्वार्टर. एका खोलीत सहा माणसं राहतात, तिथे पाहुणे आठ आले तर मुलगी दाखवायची कुठे? शिवाय बागेत पोहे करावे लागत नाहीत, भेळेवर भागतं. पद्धत अशी पडली की मुलगा-मुलगी हौदाजवळच्या बाकावर दोन टोकांना, आणि दोन्हीकडची वडील मंडळी मागच्या बाकावर. “बोला तुम्ही मोकळेपणानं,” असं म्हणून मंडळी गप्प बसत आणि कान देत. अशा वेळी मुलगा विचारतो, शिक्षण किती? मुलगी सांगते, अकरावी. दोघांनाही ते आधीच माहीत असतं.

पण कारंजं चालू असलं की मागच्या बाकावर काही ऐकू जात नाही. उंच धार पूर्ण सोडली की पाण्याचा आवाज एवढा होतो की बाजूचा माणूस ओरडल्याशिवाय कळत नाही. हे मला बऱ्याच उशिरा कळलं. मुलींना माझ्या आधी कळलं होतं. आता तिथे जनरेटर बसवला आहे. त्याचा आवाज इतका की मागच्या बाकालाही ऐकू जात नाही आणि पुढच्यालाही. त्याला सुधारणा म्हणतात.

एका बुधवारी दुपारी, पहिली शिफ्ट सुटल्यावर, निळ्या साडीतली एक मुलगी पंपघराच्या दाराशी येऊन उभी राहिली. औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती. नाव शशिकला.

“बाई, उद्या पाणी कधी सोडणार?”

“ऊन कललं की. उद्या आमच्या साहेबांचे पाहुणे आहेत. टाकी त्यांच्यासाठी राखून ठेवायला सांगितलंय.”

“त्याच्याआधी थोडं सोडता येईल का? मधली धार. मोठी.”

“कशाला?”

“मला एक वाक्य बोलायचंय.”

वाक्य काय ते तिनं सांगितलं. वडील गेल्यापासून घरचं सगळं तिचे मामा बघत. मामांनी स्थळ आणलं होतं, मुलगा आकुर्डीला स्कूटरच्या कारखान्यात. आणि मामांनी मुलाकडच्यांना शब्द दिला होता की लग्न झालं की मुलगी नोकरी सोडेल. शशिकला नोकरीत नुकतीच कायम झाली होती. तिला नोकरी सोडायची नव्हती, आणि हे तिला मुलाला लग्नाआधी सांगायचं होतं.

“नको असेल तर आत्ताच नाही म्हणू दे,” ती म्हणाली. “नंतर कळलं तर म्हणतील फसवलं.”

“मग मामांना सरळ सांग.”

“सांगितलं. मामा म्हणाले, आधी लग्न तर होऊ दे, मग बघू.”

“चिठ्ठी दे मुलाला.”

“बाई, दाखवायच्या कार्यक्रमात मुलीनं चिठ्ठी दिली तर काय अर्थ लावतील?”

हे खरं होतं. “नियमात बसत नाही,” मी म्हटलं.

“आमच्या लाइनवरच्या दोघींसाठी सोडलं होतं म्हणे तुम्ही.”

मी कुणासाठीच सोडलं नव्हतं. त्यांची वेळ जुळली असेल. पण पॅकिंग खात्यात माझं नाव कशासाठी घेतलं जातं ते मला त्या दिवशी समजलं. “बघू,” मी म्हटलं. आमच्या कार्यालयात ‘बघू’चा अर्थ ‘नाही’ असा होता. तिच्या मामांच्या घरीही तोच असावा, कारण ती तेवढ्यावर निघून गेली.

गुरुवारी ती मंडळी आली. मामा पुढे. पांढरा शर्ट, खिशाला पेन, ओळखीच्या माणसांना “जय भीम, जय भीम” करत. मुलाकडून मुलगा आणि त्याची आई. आई उस्मानाबादकडची, नऊवारी, पदर डोक्यावर. मामांनी बाक निवडून घेतलं, मुलांना पुढे बसवलं, आणि आपण मागच्या बाकावर न बसता थेट मुलांच्या पाठीशी उभे राहिले. मामा अनुभवी होते.

मी शेजारच्या वाफ्यातलं गवत काढत होते. मुलानं मुलीला चार प्रश्न विचारले. चारही उत्तरं मामांनी दिली. शिलाई येते का, हा चौथा. “येते की,” मामा म्हणाले, “आता घरीच असणार, अजून हात बसेल.” शशिकलानं माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित मी गेले नसते. मला विनवण्या आवडत नाहीत.

मी उठले आणि टेकाडाकडे गेले. हिशेब सरळ होता. एका वाक्याला किती पाणी लागतं? मधली धार थोडा वेळ सोडायची, लगेच बंद करायची, साहेबांच्या पाहुण्यांना निम्म्याहून जास्त टाकी उरते. टाकीच्या बाहेर दोरीला एक पत्र्याचा डबा टांगलेला असे. आत पाणी उतरलं की बाहेर डबा वर चढे. डबा तळाशी होता. टाकी भरलेली होती.

मी चाकी फिरवली. धार उठली, लोक “आऽऽ” म्हणाले, पोरं धावली. वारा नव्हता, तरी तुषार मामांच्या शर्टावर गेले आणि ते दोन पावलं मागे सरले. त्यांचे ओठ हलत होते. काही ऐकू येत नव्हतं. शशिकला मुलाकडे वळली आणि बोलली. वाक्य खरंच छोटं होतं, ते लांबूनही दिसलं. मी चाकीला हात घातला.

तेवढ्यात मुलगा बोलायला लागला.

त्याचं वाक्य छोटं नव्हतं. तो थांबत थांबत बोलत होता, आणि मधेच मान वळवून आईच्या बाकाकडे बघत होता. हा काय सांगतोय ते मला माहीत नव्हतं, पण आईसमोर सांगण्यासारखं नव्हतं एवढं कळत होतं. इकडे डबा वर चढत होता. मी चाकी धरून उभी राहिले. एका बाजूचं ऐकून घ्यायचं आणि दुसऱ्या बाजूचं चालू असताना पाणी तोडायचं, हे मला बरोबर वाटेना. मुलगी काहीतरी विचारत होती. मुलगा मान हलवत होता. डबा वरच्या रेघेला टेकला. गेटवरच्या पहारेकऱ्यानं दोन शिट्ट्या वाजवल्या. दोन शिट्ट्या म्हणजे साहेबांची जीप.

टाकी संपते तेव्हा कारंजं हळूहळू उतरत नाही. धार एकदा खोकते, थुंकते, आणि खाली बसते. आवाज एकदम तुटतो. पण त्या आवाजावर बोलणारं माणूस एकदम थांबत नाही, ते त्याच पट्टीत पुढे बोलत राहतं. सगळी बाग हौदाकडे बघत असताना शशिकलाचा आवाज पार निलगिरीपर्यंत गेला.

“तुम्ही अजून कायम नाही, मग तर मी नोकरी अजिबात सोडणार नाही! दोघांतलं एक तरी कायम पाहिजे की नको?”

त्या एका वाक्यात मामांचा शब्दही गेला आणि मुलाच्या आईचाही. मुलगा कायम आहे असं आईनं मामांना सांगितलं होतं. तो वर्षभर बदली कामगार होता, कुणी रजेवर गेलं की त्याच्या जागी.

फोटोवाल्यानंसुद्धा काळं फडकं डोक्यावरून काढलं. तोट्यांतून पाणी ठिबकत होतं. साहेब पाहुण्यांना घेऊन हौदापाशी येऊन उभे राहिले. मी टेकाडावरून खाली आले.

“कारंजं?” साहेब म्हणाले.

“झालं, साहेब.”

“झालं म्हणजे? टाकी राखून ठेवायला सांगितली होती ना? पाणी गेलं कुठे?”

“हौदात आहे, साहेब.”

साहेबांनी हौदात बघितलं. पाणी होतं. पाहुण्यांनीही बघितलं आणि पाणी स्वच्छ आहे असं म्हणाले. साहेबांनी माझ्याकडून चाकी काढून घेतली आणि बबनरावांची गुरुवारची सुट्टी रद्द केली. वीज नसताना पंपवाल्याला कामावर यावं लागलं याचा बबनरावांनी मनापासून राग धरला. त्यांना वारा बघायची सवय नव्हती. पूर्वेच्या बाकांवरून इतक्या तक्रारी गेल्या की पावसाळ्याच्या आत चाकी परत माझ्याकडे आली. पण हे पुढचं. त्या दिवशी माझं लक्ष साहेबांकडे कमी आणि त्या बाकाकडे जास्त होतं.

मामा मुलाच्या आईसमोर उभे होते. “तुम्ही तर म्हणाला होता कायम आहे.”

“अन् तुमी म्हनला व्हता सोडनार हाय,” आई म्हणाली.

“मी म्हणालो, सोडेल.”

“मंग मी बी म्हनले, व्हईल.”

मामांनी खिशातलं पेन काढून परत खिशात ठेवलं. मला वाटलं, आता उठणार. असे कार्यक्रम मोडताना मी बघितले होते. मंडळी भेळेचे कागद तिथेच टाकून जातात. शशिकला मान खाली घालून बसली नव्हती. ती आईकडे बघत होती. मुलगा मात्र हौदाकडे बघत होता, तिथे आता बघण्यासारखं काही नव्हतं.

आई उठली. पुढच्या बाकाशी आली आणि मुलाला म्हणाली, “सरक तिकडं.” तो सरकला. ती मधे बसली, शशिकलाच्या बाजूला तोंड करून.

“शिफ्ट कंची असती गं तुजी?”

“पहिली. कधी कधी दुसरी.”

“ह्याची रातपाळी असती लई येळा. मंग तुमची गाठ कवा पडायची?”

“गुरुवारी,” शशिकला म्हणाली.

आईनं थोडा विचार केला. “बरं हाय की. आमचे मालक रोज घरी असायचे. आठवड्यातून सा दिवस भांडन व्हायचं.” मग तिनं मागे वळून मामांना हाक मारली. “ओ भाऊ, हुबे कशाला ऱ्हायलाव? या इकडं. आता पयल्यापासनं बोलू. खरं काय काय हाय ते येकदाच सांगून टाका.”

“आधी तुम्ही,” मामा म्हणाले.

“तुमी मुलीकडचे. तुमी आधी.”

मामा आले. बाकावर जागा नव्हती म्हणून ते हौदाच्या कठड्यावर बसले. आणि बोलणी खरोखर पहिल्यापासून सुरू झाली. मुलगी पगारातलं काय तिच्या आईला देणार, मुलावर गावाकडचं कोण कोण अवलंबून आहे, क्वार्टर मिळेल की भाड्याची खोली, मुलाला खरंच जानेवारीत कायम करणार आहेत की नुसतं म्हणतात. सगळं मोठ्यानं, कारण आता लपवण्यासारखं कुणाकडे काही उरलं नव्हतं. शेजारच्या बाकावरचे लोक उघड उघड ऐकत होते. एकदोघांनी सल्लाही दिला. भाड्याच्या खोलीसाठी कासारवाडीला बघा, असं साबणवाले गृहस्थ म्हणाले, पण नळ आहे का ते आधी विचारा.

साहेबांचे पाहुणे गेले. पोरं गेली. पहारेकऱ्यानं बंद होण्याची शिट्टी वाजवली, तरी तेवढी चौघंच बसून. मी किल्ल्या घेऊन त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

मामा वर न बघता म्हणाले, “बाई, दहा मिनिटं द्या. सगळं झालंय, मानपान तेवढं राहिलंय.”

“मानपान रस्त्यावर करा,” मी म्हटलं, आणि त्यांना बाहेर काढून गेटला कुलूप लावलं.